फाट्यावरचा ताळेबंद

प्रवासवर्णनं लिहिणारी मंडळी परतीचा प्रवास कधी लिहीत नाहीत, हे तुमच्या लक्षात आलंय का? शिखर, घाट, सूर्यास्त इथपर्यंत पानंच्या पानं येतात आणि मग 'दुसऱ्या दिवशी आम्ही घरी पोहोचलो' असं एक वाक्य टाकून लेखक हात झटकतो. मी वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेला बी.कॉम. माणूस. जमेची बाजू सहा पानं आणि खर्चाची बाजू एक ओळ असली की मला लगेच संशय येतो. मधल्या मधे काहीतरी दाबलेलं असतंच.

म्हणून मी काशीचं वर्णन करणार नाही. घाट आहेत, पायऱ्या आहेत, गर्दी आहे. बाकीची तुम्ही पाहिली असेल किंवा पाहालच. मी सांगणार आहे ते काशीहून वारंगा फाट्यापर्यंतचं.

मागच्या दिवाळीत बँकेच्या प्रवाससवलतीचा ब्लॉक संपत आला होता. सवलत वाया जाणं आणि जावई उपाशी जाणं, आमच्या घरात ही दोन्ही पापं सारखीच धरतात. त्यातून आईनं काशीचं नाव काढलं आणि निघालो. निघालो तेव्हा आम्ही तेरा होतो, ड्रायव्हर धरून चौदा. नांदेडचा दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं, हिंगोलीहून मी, आमची ही, चिरंजीव आणि कन्या, लातूरची ताई, भाऊजी आणि त्यांचा एकुलता एक, आई, आणि आईची धाकटी बहीण, म्हणजे आमची मावशी. मावशीला 'येतेस का' असं कोणीच विचारलं नव्हतं. पण तिनं 'कधी निघायचं?' असं विचारल्यामुळे तो प्रश्न परस्पर निकालात निघाला.

गाडी होती नांदेडची, सतरा सीटांची ट्रॅव्हलर. चिरंजीवांनी कुठंतरी वाचलं होतं की महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं आहे. गाडीतच पलंग, गाडीतच स्वयंपाक, गाडीतच न्हाणीघर. "बाबा, आपण कॅरॅव्हॅन घेऊ या ना." मी म्हटलं, बाळा, मराठवाड्यातला माणूस धोरणाची वाट बघत नाही. आपल्या मागच्या सीटखाली गॅसची शेगडी आहे, तीन पातेली आहेत, लोणच्याची बरणी आहे, चार घोंगड्या आहेत. न्हाणीघर तेवढं नाही. ते पेट्रोलपंपवाल्यांच्या भरवशावर.

जाताना बॅगा कशाबशा बसतात. येताना बॅगा बसतात आणि माणसं कशीबशी. वहिनींच्या बनारसी साड्यांचा खोका, ताईनं भेडाघाटला घेतलेली दगडाची पिंड (वजन सहा किलो, आणि ती 'हलकीच आहे' असं दर दहा किलोमीटरला सांगायची), लाकडी खेळणी, पेढे, नागपूरची संत्र्याची बर्फी, आणि या सगळ्यावर कळस म्हणजे गंगाजलाचे पाच-पाच लिटरचे तीन कॅन. त्यातला एक कॅन रीवा सोडल्यावर गळायला लागला, तो नेमका साड्यांच्या खोक्यावर. दुसरं कुठलं पाणी असतं तर वहिनींनी गाडी डोक्यावर घेतली असती. पण गंगेला बोलणार कोण? त्यांनी डोळे मिटून हात जोडले. इतक्या रागानं जोडलेले हात मी आयुष्यात पाहिले नव्हते.

सीटांचंही तसंच. पहिल्या दिवशी 'तुम्ही बसा, तुम्ही बसा' चालतं. चौथ्या दिवशी प्रत्येकाची जागा ठरते. दहाव्या दिवसानंतर तिथं कूळकायदा लागू होतो: झोपेल त्याची सीट. भाऊजी प्रयागला दोन मिनिटं खाली उतरले तेवढ्यात मावशी त्यांच्या खिडकीशी आडवी झाली. त्यानंतर भाऊजींनी सातबारा कितीही दाखवला तरी ताबा मावशीचाच राहिला. आई मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्यात मागच्या लांब सीटवर, गंगाजलाला पाय लागू नये म्हणून मांडी घालून बसलेली. बसल्या बसल्या ती झोपायची. निदान आम्हाला तसं वाटायचं.

रस्त्याबद्दल थोडं सांगतो, कारण त्यात आकडे आहेत आणि आकडे आले की मला राहवत नाही. आमच्या लहानपणी वडील नकाशावर बोट ठेवून सांगायचे, सात नंबरचा हमरस्ता धरला की वाराणसीहून थेट कन्याकुमारी. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. स्वतः कधी नागपूरच्या पलीकडे गेले नाहीत, पण सात नंबर त्यांना पाठ होता. आईलाही तो ऐकून ऐकून पाठ. पुढे २०१० साली सरकारनं साऱ्या महामार्गांचे नंबर बदलले. आता तो सात नंबर ३०, ३४, ४४ अशा तुकड्यातुकड्यांनी ओळखला जातो. आई मात्र प्रत्येक पाटीला विचारायची, "सात कुठं गेला रे?" खातं तेच, माणूस तेच, फक्त नंबर बदलला की म्हातारे ग्राहक काउंटरवर जो चेहरा करतात, तोच चेहरा. मी तिला काउंटरवरचंच उत्तर दिलं: "आहे आई, सिस्टीममध्ये आहे."

आता हिशोबाकडे येतो. सामायिक खर्चासाठी दादानं तीस हजार, मी तीस हजार आणि भाऊजींनी वीस हजार काढले होते. एकूण ऐंशी. गाडी, डिझेल आणि लॉज दादा मोबाईलवरून देत होता, त्याचा हिशोब निराळा. चहा, भाजी, दूध, दक्षिणा, नावाडी, पार्किंग आणि लेकरांच्या मागण्या हे सगळं या ऐंशीतून. वही माझ्याकडे आणि रोकड आमच्या हिच्या पिशवीत. बँकेत याला दुहेरी ताबा म्हणतात. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे. घरात याला 'तुम्हाला पैसे सांभाळता येत नाहीत' असं म्हणतात.

काशीत एक प्रथा आहे, ती तुम्हाला ठाऊक असेल. काशीला गेलं की आवडीचा एखादा पदार्थ तिथं सोडून यायचा, जन्मभर खायचा नाही. मी आनंदानं कारलं सोडायला निघालो होतो. आईनं हात धरला. "देवाला फसवतोस कामून? आवडीचं सोड." गंगेच्या पाण्यात गुडघाभर उभा असलेला माणूस भावनेच्या भरात काय वाटेल ते कबूल करतो, कर्जदार सही करताना करतो तसंच. मी भजी सोडली. कसलीही. कायमची. वहिनींनी सीताफळ सोडलं. हिनं पेरू सोडला, आणि दुसऱ्याच दिवशी प्रयागला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लालबुंद पेरूंच्या पाट्या लागल्या. दादानं वांगं सोडलं, ते त्याला डॉक्टरांनी आधीच सोडायला सांगितलं होतं, पण देवाला केस पेपर दाखवावा लागत नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "मला काही सुचंना. देवाला सांगितलंय, परतताना सांगते म्हणून." देवाकडून मुदत वाढवून घेणारी एकच बाई मी पाहिली.

परतीच्या वाटेवर दोन मुक्काम झाले. दुसरा सिवनीला. त्या मुक्कामाबद्दल खरं म्हणजे मला लिहायचं नव्हतं. पण वर मीच म्हटलंय, मधे काहीतरी दाबलेलं असतं.

वडील तीन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून आई सहा महिने नांदेडला दादाकडे आणि सहा महिने हिंगोलीला माझ्याकडे असते. पाळी दिवाळीनंतर बदलते. भांडण नाही, तंटा नाही, अगदी मुदतठेवीसारखं. दिवाळी झाली की ठेव इकडून तिकडे वळती होते. या दिवाळीनंतर पाळी माझी होती.

सिवनीला रात्री लॉजच्या खोल्या तयार व्हायच्या होत्या, म्हणून गाडी अंगणात उभी होती. बायका-पोरं खाली उतरली होती. आई मागच्या सीटवर झोपलेली. मी आणि दादा पुढं बसलो होतो. मी म्हटलं, "दादा, यंदा आमच्या ह्याची दहावी आहे. दोन खोल्या आणि हॉल. आई टीव्ही लावते, तिला कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा. परीक्षा होईपर्यंत तुझ्याकडेच राहिली तर? मार्चपर्यंतच."

दादा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तुझं खरं आहे. पण हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीत ठरतंय. घरात दोन-दोन माणसांचं करायचं म्हणजे... ताईला विचारून बघू का?"

"ताईकडे सासूबाई आहेत."

"तेही आहेच."

बस, एवढंच. आवाज चढला नाही, कोणी वाईट बोललं नाही. दोघंही खरंच बोलत होतो. दहावी खरी होती, गुडघाही खरा होता. पण त्या रात्री लॉजच्या गादीवर मला झोप लागेना. ऐन तिमाही अखेरीला येणाऱ्या ठेवीला 'पुढच्या आठवड्यात या' असं सांगणारा मी जगातला पहिला बँकवाला असेन.

सकाळी निघालो. पेंचचं जंगल लागलं. तिथं वाघ-हरणांना ये-जा करता यावी म्हणून रस्ता उंच उचलून खाली वाटा ठेवल्या आहेत. लेकरं वाघासाठी खिडक्यांना चिकटली. मावशी म्हणाली, "जनावराची एवढी सोय!" बाकी कोणी काही बोललं नाही. परतीच्या शेवटच्या दिवशी गाडीत तशीही शांतता असते. गाणी संपलेली असतात. आमच्या ड्रायव्हरमामाकडं एकच पेनड्राइव्ह होता आणि चौदा दिवसांत ती चाळीस गाणी आम्हाला इतकी पाठ झाली होती की पुढचं गाणं सुरू होण्याआधी मावशी त्याची पहिली ओळ म्हणायची. त्या दिवशी मामांनीही गाणी लावली नाहीत. घर जवळ आलं की प्रत्येकजण आपापल्या गॅसचा, दुधाचा आणि सोमवारच्या ऑफिसचा विचार करायला लागतो.

यवतमाळ सोडल्यावर वाद निघाला आणि जरा बरं वाटलं. मी म्हटलं, "आम्हाला हिंगोलीला पुसदवरून सोडा, सरळ पडतं." दादा म्हणाला, "गाडी नांदेडची. मी उमरखेडवरून वारंगा फाट्याला येतो. फाट्यावर तुम्ही उतरा, हिंगोलीच्या गाड्या भरपूर." भाऊजींनी मोबाईलवर नकाशा काढला, त्यात एक बाई तिसराच रस्ता सांगत होती. ड्रायव्हरमामानं आरशातून बघत निकाल दिला: "साहेब, पुसदहून बी जमतंय, पण खिचडी वारंग्यालाच भेटते बगा."

सगळी गाडी एकमतानं वारंग्याकडे वळली. खिचडीच्या प्रश्नावर फूट पडलेली मी अजून पाहिली नाही.

उमरखेडच्या पुढे पैनगंगेचा पूल ओलांडला की विदर्भ मागं राहतो आणि आपला मराठवाडा लागतो. पाणी दोन्हीकडं सारखंच, काळी जमीन सारखीच, कपाशी तीच. पण पूल ओलांडताच भाऊजींनी पाय लांब केले आणि 'आला बाबा आपला मुलूख' म्हणून एक जांभई दिली, तशी त्यांनी वाराणसीपासून दिली नव्हती. हदगाव गेलं. आणि चार वाजायच्या सुमारास वारंगा फाटा आला.

तुम्ही हा फाटा पाहिला नसेल तर पाहण्यासारखा आहे, असं मी म्हणणार नाही. तिथं पाहण्यासारखं काही नाही. कळमनुरी तालुक्यातलं हे गाव, जिल्हा हिंगोली. १९९९ सालच्या एक मेपर्यंत परभणी. नागपूरकडून येणारा रस्ता इथं नांदेड-हिंगोलीच्या रस्त्याला मिळतो. एका बाजूला नांदेड चाळीसेक किलोमीटर, दुसऱ्या बाजूला कळमनुरीवरून हिंगोली, त्याहून थोडं जास्त. मधे हॉटेलं, टपऱ्या, ट्रक. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला निघालेले सरदारजी, औंढ्या नागनाथाला निघालेले भाविक, नर्सीला नामदेवांच्या गावी निघालेली दिंडी आणि हळदीची पोती घेऊन वसमतच्या बाजाराकडं निघालेले टेम्पो, सगळे इथं उतरतात आणि सगळे एकच गोष्ट मागतात.

खिचडी. पिवळीधमक, वाफाळलेली, डाळ-तांदूळ एकमेकांत विरघळलेले पण ओळख न हरवलेले. वर तळलेल्या मिरच्या. आणि शेजारी, देवा, ताटलीभर गरम भजी.

गंगेत उभं राहून भजी सोडणाऱ्या माणसानं घरी जायचा रस्ता आधी बघून ठेवावा. तेरा दिवस उत्तर हिंदुस्थानात मला भज्यांची आठवण झाली नव्हती. आता ती समोर होती आणि दादाचा धाकटा माझ्याकडं बघत, मुद्दाम सावकाश, एकेक खात होता. भाऊजी कोर्टात नोकरीला आहेत. त्यांना माझी दया आली. त्यांनी तळलेली मिरची माझ्या ताटात टाकली आणि म्हणाले, "पीठ लावलेलं ते भजं. ही नुसती मिरची. तुमच्या संकल्पाच्या कक्षेत येत नाही." मी कायद्याचा अर्थ लावून चार मिरच्या खाल्ल्या. डोळ्यांत पाणी आलं, ते पुढं उपयोगी पडलं.

खाणं होईपर्यंत मी वही काढली. इथं गाडी सोडायची, म्हणजे हिशोब इथंच व्हायला हवा. ऐंशी हजार जमा. खर्च त्र्याहत्तर हजार चारशे साठ. उमरखेडचा चहा धरून. शिल्लक असायला हवी सहा हजार पाचशे चाळीस. हिला म्हटलं, मोज. तिनं मोजली. नऊ हजार एकशे चाळीस.

मी परत मोजली. तेवढेच.

बँकेतल्या माणसाला रोकड कमी पडली तर समजतं काय करायचं. खिशातून भरायची आणि घरी गप्प बसायचं. पण जास्त निघाली की त्याच्या पोटात गोळा येतो. कारण जास्तीचे पैसे म्हणजे कुणाचे तरी पैसे, आणि तो कुणीतरी आज ना उद्या काउंटरवर येणार. दोन हजार सहाशे रुपये जास्त! मी सगळ्यांसमोर वही चाळायला लागलो. पार्किंग दोनदा लिहिलं? नावाड्याला दिलेच नाहीत? दादा वैतागला. "जास्त आलेत ना? वाटून टाक. तुझी बँक इथं आणू नकोस."

मी नोटा पुन्हा हातात घेतल्या, आणि मग दिसलं. त्यात दोनशेच्या तेरा नोटा अशा होत्या की ज्यांच्यावर उभी एक आणि आडवी एक घडी पडलेली होती. चौपदरी. दहा-वीस वर्षं नोटा मोजल्या की माणूस नोटेवरून मालक ओळखायला लागतो. किराणेवाल्याची नोट तेलकट असते, शेतकऱ्याची गुंडाळलेली असते. आणि चौपदरी घडी घालून, कमरेच्या पिशवीत, वेखंडाच्या तुकड्याशेजारी नोट ठेवणारं माणूस मला एकच माहीत आहे. तिच्या पेन्शनचं खातं माझ्याच शाखेत आहे. निघायच्या आधी तिनंच मला तीन हजार काढून आणायला लावले होते; 'दोनशेच्या आण, काशीत दान करायला बऱ्या.' स्लिप मी भरली होती.

तेरा दिवस, तेरा नोटा. रोज एक.

"आई," मी म्हटलं, "हे पैसे तू टाकलेस पिशवीत?"

आई खिचडी संपवत होती. ताट स्वच्छ केल्याशिवाय ती उत्तर देत नाही. बोटं पुसली, पाणी प्याली. मग म्हणाली, "खाणारी तेरा आन् वही तिघांची. हिशोब चुकत होता तुझा, म्हणून नीट केला."

"आई, हे काय बोलणं झालं?" दादाचा चेहरा पडला. "तुझे पैसे कोणी मागितले?"

"मागितले न्हाईत. म्हणून तर गुपचूप टाकले." मग ती ताईकडं वळून, अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली, "अगं, ते सोडायचं राहिलं होतं ना माझं, काशीतलं. ते परवा सुचलं मला. सिवनीला."

"काय सोडलंस?" ताईनं विचारलं. तिला बिचारीला काही माहीत नव्हतं.

"झोपेचं सोंग."

टेबलाशी कोणी हललं नाही. भज्यांची कढई मात्र आपलं चर्र चर्र करत राहिली.

"आवडीचं सोडावं म्हणतात," आई म्हणाली. "मला ते फार आवडतं होतं. डोळे मिटले की सगळं ऐकू येतं, आन् कोणाला काही बोलावं लागत न्हाई. तुमचे वडील होते तेव्हापासूनची सवय. पण वय झालं आता. ऐकू जरा जास्तच यायलंय."

मी मिरचीचं निमित्त करून डोळे पुसले. दादा उठला, गल्ल्याशी गेला, काहीतरी मागवल्यासारखं केलं आणि हात हलवत परत आला. त्यानं काही मागवलंच नव्हतं. मग तो म्हणाला, "आई, तू माझ्याकडं चल. गुडघ्याचं बघू नंतर." मी त्याच दमात म्हणालो, "नाही, पाळी माझी आहे. टीव्ही आतल्या खोलीत लावू." दोघा भावांची आई आपल्याकडं यावी म्हणून भर रस्त्यावर चढाओढ लागली. आदल्या रात्री सिवनीला ही चढाओढ झाली असती तर केवढी शोभून दिसली असती!

आईनं दोघांनाही थांबवलं. "गंगा आणलीय. मावंदं कुठं घालायचं? देव कुठं आहेत आपले?"

देव हिंगोलीला आहेत. वडिलांचा देव्हारा माझ्याकडं आला, कपाट दादाकडं गेलं.

"मग हिंगोलीला येते. मावंदं होऊ दे. तुम्ही सगळे या जेवायला. पुढं कुठं राहायचं ते मी सांगीन. मला फोन करा आन् मला विचारा. एकमेकांला फोन करून माझं ठरवू नका." मग वहिनींच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तुझं ऑपरेशन झालं की पंधरा दिवस येते मी. भाकरी करता येतात मला अजून." आणि चिरंजीवांना म्हणाली, "तू अभ्यास कर. टीव्हीचं मला काही न्हाई. आवाज मोठा लावते ते तुमच्या बाबाच्या बोलण्याचा त्रास होऊ नये म्हणून."

पहिल्यांदा वहिनी हसल्या. मग हळूहळू सगळेच हसले. मावशी सगळ्यात जास्त हसली. तिला आता नांदेडपर्यंत दोन खिडक्या मिळणार होत्या.

मी वहीत जमेच्या बाजूला एक ओळ वाढवली: 'आई, रु. २६००'. शिल्लक नऊ हजार एकशे चाळीस, हातात नऊ हजार एकशे चाळीस. खिचडीचं बिल त्यातून दिलं. उरले ते चार घरांत वाटले. आईच्या हातात तिच्या वाट्याचे ठेवले तर तिनं ते मोजून घेतले आणि तिथंच चौपदरी घडी घातली.

सामान उतरवायला अर्धा तास लागला. आमच्या बॅगा, एक कॅन गंगाजल, आईची ट्रंक आणि, नकळत, ताईची सहा किलोची पिंड. ती अजून आमच्याकडंच आहे. 'हलकीच आहे, पोस्टानं पाठवा' असा निरोप येतो. ट्रॅव्हलर नांदेडच्या दिशेनं वळली. दादानं खिडकीतून हात काढला होता, तो रस्ता वळेपर्यंत बाहेरच होता. ड्रायव्हरमामानं जाता जाता पेनड्राइव्ह लावला. सगळे माना वळवून नांदेडकडं बघत असताना आमची कन्या ते गाणं म्हणायला लागली.

हिंगोलीची एस.टी. आली. आईला खिडकीची जागा मिळाली. कंडक्टरनं तिचं आधारकार्ड पाहिलं, शहात्तर वर्षं मोजली आणि शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ सालापासून एस.टी. फुकट आहे. हिला आणि कन्येला अर्धं तिकीट, चिरंजीवांना आणि मला पूर्ण. आईनं आपलं तिकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "बघ, ह्यांच्या वहीत मी खर्चच न्हाई." मी काही बोललो नाही. माझी वही बॅगेत तळाशी गेली होती.

कळमनुरी जवळ आली. ऊन उतरलं. आईनं डोकं खिडकीच्या गजाला टेकवलं होतं, डोळे मिटलेले, मांडीवर गंगाजलाचा कॅन. चिरंजीव माझ्याकडं झुकून हळूच म्हणाले, "बाबा, आजी माझ्या खोलीत झोपणार का?" मी ओठांवर बोट ठेवलं.

"जागी आहे रे मी," आई डोळे न उघडता म्हणाली. "मोठ्यानं बोला."